तार रानडुकरासाठी, गुन्हा बिबट्याच्या शिकारीचा

या पंधरवड्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) मका, भुईमूग, हरभरा शेतात उभा राहू देत नाहीत. मग बांधावर क्लच वायरचा फास लावला किंवा रात्री तारेत करंट सोडला तर चालेल का? शिवाय उंदरांच्या आमिषाने मेलेल्या मोरांबद्दल आणि तोडणीत उसात सापडणाऱ्या बिबट्याच्या बछड्यांबद्दलही विचारणा झाली आहे.

फास आणि करंट, दोन्ही चालणार नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये ‘शिकार’ म्हणजे फक्त बंदुकीने मारणं नव्हे. विष घालणं, फासात किंवा सापळ्यात पकडणं, जखमी करणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच आहे. म्हणजे फास रिकामा सापडला तरी तुम्ही अडचणीत येता.

रानडुक्कर आणि रोही या कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहेत. त्यांच्या विनापरवाना शिकारीला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण फास काही डुक्कर ओळखून आवळत नाही. त्याच वाटेने बिबट्या, काळवीट किंवा खवले मांजर गेलं, तर ते अनुसूची 1 मधले प्राणी. तिथे किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. असा गुन्हा दुसऱ्यांदा केला तर दंड किमान 1 लाख. दंडाच्या या रकमा 2022 च्या दुरुस्तीने वाढल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. अनुसूची 1 च्या गुन्ह्यात पैसे भरून तडजोड होत नाही, जामीनही सहज मिळत नाही. ‘मी तर डुकरासाठी लावला होता’ हा बचाव पंचनाम्यात उपयोगी पडत नाही, उलट फास तुम्हीच लावल्याची ती कबुली ठरते.

करंटचं प्रकरण याहून वाईट. आकडा टाकून वीज घेतली तर विद्युत अधिनियम 2003 चं कलम 135, म्हणजे वीजचोरी. पहाटे पाणी धरायला आलेला शेजारी त्या तारेला चिकटला तर मनुष्यहानीचा गुन्हा वेगळा. 230 व्होल्टचा सलग प्रवाह स्नायू आखडून धरतो, त्यामुळे तार सोडवत नाही. कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटके सोडणाऱ्या झटका मशीनचं तत्त्व उलट आहे. झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि दोन झटक्यांमध्ये साधारण सेकंदभर अंतर असतं. तेवढ्यात जनावर मागे सरतं.

झटका मशीन घेताना मानकाचा शिक्का आणि पक्कं बिल पाहा. डुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून 8 ते 10 इंचांवर हवी, दुसरी तिच्यावर तेवढ्याच अंतरावर. वर लावली तर डुक्कर खालून घुसतं. रोह्यासाठी वरच्या तारा 5 फुटांपर्यंत न्या. ‘मशीन चालू आहे, पण झटका बसत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अर्थिंगची असते. एका सळईवर भागवू नका. तीन सळया चांगल्या खोल ठोका, एकमेकींना जोडा आणि उन्हाळ्यात बुडाशी पाणी ओता. तारेला टेकलेलं गवत झटका जमिनीत उतरवतं, म्हणून पट्टा साफ ठेवा. बॅटरी उतरली म्हणून तीच तार थेट लाईनला जोडणं हीच सर्वांत जीवघेणी चूक.

डुक्कर किंवा रोही मारणं अगदीच भाग असेल तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम 11 खाली वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. परवाना आल्याशिवाय काही करू नका. परवाना मिळाला तरी त्यात फास, करंट किंवा गावठी बॉम्बला मुभा नाही. मेलेलं जनावर सरकारचं असतं. त्याचं मटण वाटून घेतलं तर खाणाऱ्यांवरही गुन्हा नोंद होऊ शकतो.

आता मोर. मोर राष्ट्रीय पक्षी आहे आणि तोही अनुसूची 1 मध्येच. आमिषात घालतात ते झिंक फॉस्फाईड हे विष उंदरांसाठीच आहे, चूक होते ती टाकण्यात. 50 भाग भरडलेलं धान्य, 1 भाग गोडं तेल, 1 भाग झिंक फॉस्फाईड हे प्रमाण ठेवा. संध्याकाळी सगळी बिळं बुजवा आणि सकाळी उकरलेली दिसतील तीच जिवंत समजा. दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा द्या, मगच सुमारे 10 ग्रॅमची कागदी पुडी बिळात खोल सारून तोंड मातीने लिंपा. बांधावर उघडं टाकलेलं धान्य मोर, तितर टिपतात. मेलेले उंदीर गोळा करून पुरा, नाहीतर ते घुबड आणि साप खातात, आणि उंदीर फुकट मारणारे हे गडी तुम्ही स्वतःच गमावता.

उसात बछडे दिसले तर तोडणी तिथेच थांबवा. हात लावू नका, उचलून घरी आणू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. मादी जवळच असते. वनविभागाला 1926 वर कळवा. त्यांचे लोक बछडे त्याच जागी पेटीत किंवा क्रेटमध्ये ठेवतात आणि बहुधा रात्री मादी येऊन घेऊन जाते. एखाद्या दिवसाची तोड लांबते, पण पिलांसाठी चवताळलेली मादी फडाभोवती घिरट्या घालत राहत नाही. जीव वाचवताना प्राणी मेला तर कायदा तो गुन्हा मानत नाही, मात्र त्या वेळी तुम्ही स्वतः बेकायदा काही करत नसाल तरच.

पिकाच्या नुकसानीचा अर्ज 3 दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालांकडे द्या. सातबारा, बँक पासबुकाची प्रत आणि खुरांच्या ठशांसह फोटो जोडा. पंचनामा होईपर्यंत ते वाफे नांगरू नका. पंचनाम्यात कृषी विभागाचे कर्मचारीही असतात, त्यांना त्याच दिवशी कळवा. वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंद असेल तर ही भरपाई मिळत नाही, म्हणून बांधावर आधीचे फास असतील तर ते आजच काढून टाका.