लिहून तंतू थांबतील?

प्रश्न : माझी सून फ्रान्समध्ये ल्योंला असते. तिने ऑनलाइन फ्लीसचं जॅकेट घेतलं. त्याच्या माहितीत ‘धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू पर्यावरणात सोडते’ अशी ओळ होती. हे खरं आहे का? वॉशिंग मशिनला गाळणी लावली तर भागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, खरं आहे. निम्म्याहून जास्त कृत्रिम धागा असलेल्या कपड्याच्या माहितीत ही ओळ देणं तिथल्या मोठ्या कंपन्यांना 2023 पासून बंधनकारक आहे.

मी इचलकरंजीत कापड प्रक्रियेत बावीस वर्षं काढली. फ्लीस म्हणजे तारांच्या रोलरवर घासून लव उभी केलेलं कापड. त्या यंत्रापाशी संध्याकाळपर्यंत माणसांच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या. ती लव सुटायलाच बसलेली असते. प्लिमथ विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर तंतू सुटतील, असा अंदाज निघाला. सांडपाणी केंद्रात यातले बरेचसे अडकतात खरे, पण ते गाळात जातात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात पडला की पुन्हा मोकळे.

गाळणीचा उपयोग होतो. कॅनडातल्या पॅरी साउंड गावात 97 घरांच्या मशिनना त्या बसवल्या, तेव्हा केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले तंतू 41 टक्क्यांनी घटले. फ्रान्सने तर 2020 च्या कायद्यात नव्या मशिनना गाळणीसाठी जानेवारी 2025 ची मुदतच घातली. मुदत आली, तरी अंमलाचा आदेश निघाला नव्हता.

पण आपल्याकडे किती घरी धुणं अजून दगडावर, ब्रश मारून होतं! तिथे गाळणी कुठे लावणार? म्हणून माझा आग्रह गिरणीवर आहे. नवं कापड पहिल्या काही धुण्यांत सगळ्यात जास्त तंतू टाकतं. ती धुणी कारखान्यातच व्हावीत, तंतू तिथेच गाळून घ्यावेत, आणि प्रति किलो कापडामागे किती सुटतात याची मर्यादा सरकारने ठरवावी. घट्ट पिळाचं, अखंड धाग्याचं कापड कमी झडतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मर्यादा आली की तसं कापड आपसूक निघेल. माहितीतली ओळ गिऱ्हाइकाला सावध करते, गिरणीला काहीच करायला लावत नाही.

सूनबाईंना सांगा, जॅकेट मळल्यावरच धुवा, तेही गार पाण्यात. गाळणी बसवली, तर तिच्यातला गोळा नळाखाली धुऊ नका, कोरड्या कचऱ्यात टाका. नळाखाली धुतला तर तो परत त्याच गटारात जातो.