जुनी जीप, नवं इंजिन, रॉडचा क्लच

प्रश्न : जुन्या जीपमध्ये नव्या धर्तीचं डिझेल इंजिन बसवलंय, क्लच मात्र रॉडवरचाच ठेवलाय. क्लच सोडताना गाडी थरथरते, कन्नड घाटात तर फारच. रिव्हर्स खर्रकन पडतो.
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. थरथर असेल, तर आडव्या शाफ्टची (पेडलच्या रॉडची हालचाल क्लचकडे नेणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं चेसीला वेल्ड केलीत का ते आधी बघा. इंजिन रबरावर डोलतं, शाफ्ट जागचा हलत नाही. मग इंजिन पिळलं की रॉड आपोआप क्लच दाबतो-सोडतो. शाफ्टचं एक टोक चेसीवर, दुसरं बेलहाउसिंगवर (इंजिन-गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचावर), दोन्हीकडे बॉल जॉइंट हवा. हे ठीक असेल, तर माउंटिंगची रबरं आणि क्लच प्लेटवर ऑइल आलंय का ते तपासा.

रिव्हर्सचं दुखणं मापाचं : पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. डायफ्रॅम क्लचला (ताटलीसारखी, बोटं असलेली स्प्रिंग असते तो) ती बोटं दाबणाऱ्या बेअरिंगची चाल साधारण 8 ते 10 मिमी लागते. बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचं गुणोत्तर 2:1 असेल, तर फोर्कचं बाहेरचं टोक 18 मिमी सरकायला हवं. पट्टी लावून मोजा. 12च भरलं, तर शाफ्टच्या पेडलकडच्या आर्मला आतल्या बाजूला, शाफ्टच्या जवळ, नवं भोक पाडून रॉड तिथे जोडा. पेडल जड होईल, त्याला इलाज नाही. पेडलची मोकळी चाल 25 मिमी ठेवा, नाहीतर बेअरिंग सतत घासून जळेल. पेडलखाली स्टॉप बोल्ट हवाच. जास्त दाबलं तर डायफ्रॅमची बोटं प्लेटवर टेकतात.

आणि हो, इंजिनबदलाची आरसी बुकात नोंद झालीय ना?