डुक्कर फियाट कापण्याआधी

प्रश्न : माझ्या नावावर 1957 सालची फियाट 1100, म्हणजे लोकांची ‘डुक्कर फियाट’, आहे, पासिंग चालू आहे. तिचं इंजिन-गिअरबॉक्स वापरून सिसितालिया 202 सारखी ॲल्युमिनियम बॉडीची दोन सीटची गाडी करायची आहे. कुपवाडच्या एका फॅब्रिकेटरला दीड लाख ॲडव्हान्स दिला, गाडी त्याच्या शेडमध्ये उभी आहे. तो म्हणतो, जुना चेसिस नंबर कापून नव्या फ्रेमवर वेल्ड करू, आरसी तीच चालेल. पुण्याचे एक गृहस्थ तयार गाडी ‘ओरिजिनल’ म्हणून विकत घ्यायला तयार आहेत. आता धास्ती वाटते. काय करावं? – एक वाचक, मिरज

उत्तर : आधी फॅब्रिकेटरला फोन लावा आणि सांगा, फियाटच्या पत्र्याला ग्राइंडर लावायचा नाही. बाकीचं नंतर वाचा.

गाडी तुम्ही जाणकारीनं निवडली आहे, हे मान्य. इटलीतल्या तुरीनची ती सिसितालिया फियाट 1100 च्याच सामानावर उभी होती, इंजिन तेच 1089 सीसीचं. 1947 साली पिनिन फारिनानं तिची बॉडी घडवली, 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं ती प्रदर्शनात मांडली, आणि बनल्या जेमतेम पावणेदोनशेच्या आत. पण घोळ इथेच आहे. सिसितालियाला नळ्यांची वेगळी फ्रेम होती आणि तिच्यावर हातानं ठोकून घडवलेला पत्रा. आपल्या डुक्कर फियाटला अशी सुटी चेसिस नाहीच, बॉडी हीच तिची चेसिस. ती कापली की आरसीवर लिहिलेली गाडीच संपली. हाती राहतं इंजिन, गिअरबॉक्स आणि नंबर पंच केलेला वीतभर पत्रा.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकानं दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकानं करू नये. केरळातल्या एका प्रकरणात जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठणकावलं. कलम 182अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. ‘पाच हजारच ना, भरून टाकू’ असं एजंट म्हणेल. पण एका गाडीचा नंबर दुसरीवर चिकटवणं हा नुसता फेरफार राहत नाही, ती बनावटगिरी होते. आणि अशा गाडीनं उद्या कुणाला उडवलं, तर विमा कंपनी आधी कागद तपासेल आणि भरपाई तुमच्या घरादारावर येऊ शकेल.

नवीन गाडी म्हणून नोंदवायची, तर केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे नमुन्याची चाचणी लागते, आणि प्रदूषणाचे निकष आजचे. गाड्यांच्या चाचण्या घेणारी पुण्याची एआरएआय ही संस्था मिरजेहून लांब नाही, पण कार्ब्युरेटरवालं इंजिन घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही.

व्हिंटेज गाड्यांची ‘व्हीए’ ही खास नंबर मालिका? जुलै 2021 च्या नियमांनुसार ती मिळते पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. म्हणजे तुमची फियाट आज पात्र ठरू शकते, कापलेली नाही. मात्र या नोंदणीवर रोजची ये-जा करता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी बाहेर काढायची. रविवारी हरिपूरला चक्कर मारायची असेल, तर आहे ती नोंदणीच बरी.

मग हौस कशी भागवायची? फियाट अखंड ठेवा. भंगारातून प्रीमिअर पद्मिनी गाडीचं इंजिन घ्या, तेही त्याच घराण्यातलं. नवी फ्रेम, नवी बॉडी करा आणि ती गाडी खासगी आवारात, प्रदर्शनात ठेवा, नेताना टेम्पोवर चढवून न्या. नोंदणीची सक्ती गाडी चालवण्यासाठी आहे, बनवण्यासाठी नाही. इतक्या जुन्या आकाराची नक्कल ही आपल्याकडे मोठी अडचण वाटत नाही, पण मूळ कंपनीचा बिल्ला लावू नका. पुण्याच्या गृहस्थांना आजच नाही म्हणा. नक्कल ‘ओरिजिनल’ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

आता दीड लाखाचं. बॉडी करून घेण्याचा करार बेकायदा नाही, नंबरची हातचलाखी बेकायदा आहे. उद्देशच बेकायदा ठरला, तर करार कायदा कलम 23 मुळे कोर्ट दोघांनाही दारातून परत पाठवू शकतं. तुम्ही जोडलेल्या व्हॉट्सॲपमध्ये ‘नंबरचं मी बघतो’ याखाली तुमचं होकाराचं अंगठ्याचं चिन्ह आहे. ते पुसू नका. त्याऐवजी आजच लिहून कळवा की नंबर बदलायचा नाही, फियाट आहे तशी परत हवी, काम फक्त नव्या फ्रेमचं.

तो गाडी अडवेल. करार कायद्याच्याच कलम 170 प्रमाणे ज्या वस्तूवर श्रम केले, ती मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेता येते. पण फियाटवर अजून कामच झालं नसेल, तर हा हक्क तिच्यावर चालत नाही. नळ्या किती किलो, पत्रा किती, मजुरी किती, असं बिल लेखी मागा. जमलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येईल, पाच लाखांपर्यंत फी नाही. फक्त विकण्यासाठी गाडी करत होतो असं दिसलं, तर तुम्ही ‘ग्राहक’च राहणार नाही. पुण्याचं प्रकरण आजच मिटवा म्हणतो ते त्यासाठीही.

गाडी ताब्यात घेताना चेसिस नंबरचा फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलनं त्याचा छाप घ्या आणि त्या कागदावर फॅब्रिकेटरची तारखेसह सही घ्या.