घरचे धार्मिक आहेत आणि मला हेवी मेटल संगीत आवडतं. हे चुकीचं आहे का? घरच्यांना कसं समजावू?

चुकीचं अजिबात नाही, हे आधी सांगते. घरी कळलं तर ‘देवावरचा विश्वास उडाला’ म्हणतील, अशी भीती तुम्ही लिहिली आहे. नेमकं हेच वाक्य मी शाळेत असताना ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे सकाळ-संध्याकाळची प्रार्थना कधी चुकायची नाही. मलाही ती मनापासून आवडायची, आजही आवडते. त्याच वयात ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडची कॅसेट हाती लागली. ती संथ, जड गिटार ऐकताना वाटलं, मरण, पाप, भीती या गोष्टींवर आमच्या घराबाहेरही कुणीतरी इतक्या गंभीरपणे बोलतंय. रेडिओवरची बाकी गाणी नुसती प्रेमात पडत होती.

मोठ्या काकांना कॅसेटचं कव्हर दिसलं. संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर त्यांनी ते सगळ्यांसमोर ठेवलं. “ही सैतानाची पूजा आहे. आत्ता देवासमोर शपथ घे, पुन्हा ऐकणार नाही म्हणून.” मी नाही म्हणाले. आई डोळ्यांनी खुणावत होती, घेऊन टाक, विषय संपव. पण उद्याही मी ते ऐकणार हे मला पक्कं ठाऊक होतं आणि देवासमोर खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. विश्वास नसता तर शपथ घ्यायला काय लागलं असतं? काकांनी मात्र माझा नकार हाच पुरावा धरला. कॅसेट गेल्या. पुढे कितीतरी वर्षं घरात काही बिनसलं की बोट माझ्या गाण्यांकडे जायचं.

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, ते इथे देते. काका म्हणायचे, असला आवाज माणसातून येत नाही. तो आला एका कारखान्यातून. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची ती हीच बोटं. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममध्ये गिटारचा सूर तीन अर्धस्वर खाली उतरवला. तारा सैल झाल्या की बोटांना जोर कमी लागतो. तो खोल, जड आवाज बराचसा असा घडला. जखमी माणसाच्या जिद्दीला सैतान म्हणायचं असेल तर माझं बोलणंच खुंटलं.

त्याच अल्बममध्ये ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गाणं आहे. ते लिहिणारा सॅबथचा बासवादक गीझर बटलर कॅथलिक घरात वाढला. तुझा देवावर विश्वास आहे हे मित्रांना कळलं तर ते काय म्हणतील, याची भीती वाटते का, असं ते गाणं विचारतं. तुमच्या भीतीची ही बरोबर उलटी बाजू! आणि काकांना सगळ्यात खटकायची ती तर्जनी-करंगळी उभी करून केलेली बोटांची शिंगं? ती मंचावर रूढ केली १९७९ मध्ये सॅबथमध्ये आलेल्या गायक रॉनी जेम्स डिओने. तो सांगायचा, त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटं करायची.

आता समजावण्याचं. सगळ्या घरासमोर वाद घालू नका, तिथे ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. जो माणूस शांतपणे ऐकून घेतो त्याला एकट्याला गाठा आणि एका गाण्याचे शब्द मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवा. संगीत नंतर. ज्यांनी न ऐकताच निकाल लावलाय त्यांच्यामागे वर्षं घालवू नका. धर्मग्रंथांमधली नरकाची वर्णनं वाचून ज्यांना भीती वाटत नाही, त्यांनी कॅसेटच्या कव्हरला घाबरावं हे मला आजही पटत नाही.

सगळं मेटल निर्मळ आहे असं मात्र सांगू नका. नॉर्वेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटल या मेटलच्या टोकाच्या उपप्रकारातल्या काहींनी खरोखर चर्च जाळली, खूनही झाला. घरच्यांनी ते कुठे वाचलं असेल तर उडवून लावू नका, तो गुन्हाच होता असं स्पष्ट म्हणा. आणि घरात मारहाणीपर्यंत गोष्ट जाण्यासारखी असेल तर माझा सल्ला बाजूला ठेवा, स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत हेडफोन लावून ऐका.

हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते, आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. घरच्यांच्या तक्रारींपैकी कानांची तेवढी खरी आहे, ती मान्य करून टाका.