आधी प्रश्न ठरव, मग सुई उचल

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र वाचलं. एक सर म्हणतात शिरेच्या रक्ताची गॅस तपासणी, म्हणजे व्हीबीजी, केली की मशीनचं कार्ट्रिज वाया, दुसरे म्हणतात एबीजीची, म्हणजे धमनीच्या रक्ताच्या गॅस तपासणीची, गरजच उरली नाही, आणि मध्ये तू, हातात सीओपीडीच्या (श्वासनळ्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटची व्हीबीजीची चिठ्ठी घेऊन: पीएच (कमी आला तर रक्त आम्ल) ७.२८, कार्बन डायऑक्साइड ५८, बायकार्ब (आम्ल झेलणारा क्षार) २७. ‘कुणाचं ऐकू?’ असं विचारलंस. लेकरा, दोघांचंही नको. त्या रक्ताला तू काय विचारणार आहेस ते आधी ठरव. शीर की धमनी, हे त्यावरून आपोआप ठरतं.

याच पेशंटचं बघ. शिरेचा पीएच धमनीपेक्षा साधारण ०.०३ ते ०.०४ ने कमी येतो, म्हणजे याचा धमनीतला पीएच ७.३१ च्या आसपास असणार. बायकार्ब कमी नाही, म्हणजे आम्ल साचलंय ते श्वासामुळे. नेब्युलायझेशन, स्टिरॉइड देऊनही मानेचे स्नायू ओढत असेल, गुंगी येत असेल, तर ‘बायपॅप (मास्कमधून दाबानं श्वास देणारं मशीन) लावायचा का?’ या प्रश्नाला शिरेनं उत्तर दिलंय. लाव. ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांत ठेव. एबीजीसाठी मशीन अडवून ठेवू नकोस. पण तासाभराने प्रश्न बदलेल: कार्बन डायऑक्साइड उतरतोय का? तिथे शीर दगा देते. तिचा आकडा सरासरी ४ ते ६ ने जास्त असतो हे खरं, पण ती सरासरी झाली. एकेका पेशंटमध्ये फरक १० च्या वरही जातो, आणि दर वेळी तेवढाच राहत नाही. म्हणून याचं एक सॅम्पल धमनीतून आत्ता, एक तासाभराने. एकाच माणसाचे दोन प्रश्न, म्हणून दोन वेगळ्या सुया.

आता उलट बाजू. धाप लागलेल्या पेशंटमध्ये शिरेतला कार्बन डायऑक्साइड ४५ किंवा त्याहून कमी आला, तर धमनीत तो वाढलेला असण्याची शक्यता फार थोडी. तिथे मनगट टोचायचं कारण उरत नाही. ४५ च्या वर गेला तर मात्र ‘वाढलेला असू शकतो’ एवढंच म्हण, किती ते सांगू नकोस. आणि शिरेतल्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे पाहूच नकोस. तो ३५ दिसला म्हणून धावपळ करणारे मी पुष्कळ पाहतो. ऑक्सिजनसाठी बोटाला प्रोब आहे. बोटं थंडगार असतील, धूर कोंडलेल्या खोलीतून आणलेला पेशंट असेल, किंवा मेटहीमोग्लोबिनची (ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या हीमोग्लोबिनची) शंका असेल, तेव्हा प्रोबवर विश्वास नको. त्यातही कार्बॉक्सीहीमोग्लोबिन (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं अडवलेलं हीमोग्लोबिन) आणि मेटहीमोग्लोबिन, मशीन मोजत असेल तर, शिरेच्या रक्तातही चालतं.

डीकेएमध्ये (मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्त आम्ल होतं तेव्हा) तर धमनीचं नाव काढलेलं मला खपत नाही. पीएच ७.३ च्या खाली आहे का, बायकार्ब १८ च्या खाली आहे का, दर दोन ते चार तासांनी सुधारतंय का, सगळं शीर सांगते. त्याच थेंबात पोटॅशियम मिळतं. ते ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबव, आधी पोटॅशियम दे. एक धोका लक्षात ठेव: गॅसच्या बहुतेक मशीनना रक्तपेशी फुटल्याचं दिसत नाही. ओढून-ताणून काढलेल्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम खोटं वाढून येतं, आणि पेशंट बरा वाटतो. शंका आली तर लॅबला सिरम पाठव.

पेरणीच्या दिवसांत तुझ्याकडे साप चावलेले येतील. घोणस, फुरसं चावलेल्याच्या धमनीत सुई घालू नकोस. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीतलं रक्त वीस मिनिटांत गोठलं नाही तर मनगट फुगतं, आणि जांघेतल्या धमनीत टोचलंस तर आत किती रक्त साचलं ते बाहेरून कळतही नाही. गोठणं सुधारेपर्यंत शिरेवरच भागव. मण्यार चावलेल्याची गोष्ट वेगळी. पापण्या पडल्या, मान धरवेना, एका श्वासात मोजायचे आकडे कमी होत चालले, की श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली. तिथे कुठलाच गॅस विचारायचा नाही. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेल्याचंही तेच, आणि तिथे पहिला दिवस नीट गेला तरी पुढचे तीन दिवस मान आणि श्वास तपासत राहा.

शॉकमध्ये (शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडतो तेव्हा) दोन्ही रक्तांतली दरी वाढते. शीर पेशींची अवस्था सांगते, धमनी फुप्फुसाची. सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) असेल तर दोन्ही काढ. कार्बन डायऑक्साइडमधला फरक ६ च्या वर गेला तर रक्तप्रवाह अपुरा पडतोय. शिरेतलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ) २ च्या खाली आलं तर भरवसा ठेव, वर आलं तर धमनीतून खात्री कर.

मला हट्टी म्हणतात, शिरेवर भागवणारा आळशी म्हणतात. म्हणोत. धमनीत टोचलेलं दुखतं, आणि दुखलं की माणूस भराभर श्वास घेतो आणि ज्या कार्बन डायऑक्साइडसाठी टोचलं तोच खाली येतो. वॉर्डात निळी पडलेली मनगटं पाहून आजही वाईट वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं शिरेत होती. आणि धमनी लागणारच असेल तेव्हा हात आखडू नकोस. ॲलन टेस्ट कर (मनगटाची एक धमनी दाबली तरी दुसरी हाताला रक्त पुरवते का ते बघ), कातडीखाली बधिर करणारं एक टक्क्याचं लिग्नोकेन थोडं दे, सुई ३० ते ४५ अंशांत घाल, नंतर पाच मिनिटं स्वतः दाबून धर. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आणखी जास्त.

सॅम्पल बिघडतं ते बहुतेक हेपारिननं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधानं. तयार सिरिंज नसेल तर २ मिलिच्या सिरिंजमध्ये १००० युनिट प्रति मिलिचं हेपारिन ओढ, आतून फिरव, पूर्ण बाहेर काढ. सुईच्या तोंडाशी राहतं तेवढंच पुरे. त्याहून जास्त राहिलं की कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्ब दोन्ही खोटे खाली येतात, आणि तू नसलेल्या ॲसिडोसिसवर उपचार करत बसतेस. सिरिंज भरून रक्त घे. बुडबुडा लगेच काढ, टोपण लाव, तळहातांत घोळव. शिरेचं काढताना पट्टा एका मिनिटाच्या आत सोड, मुठीची उघडझाप नको. प्लास्टिकची सिरिंज बर्फात ठेवू नकोस, अर्ध्या तासात मशीनला लाव. सॅम्पल मोटारसायकलवरून जिल्ह्याच्या लॅबला जाणार असेल तर ते न काढलेलं बरं. हाती धरायच्या मशीनला साधारण १६ ते ३० अंशांची खोली लागते. मे महिन्यात परभणीत पंख्याखाली ते चालणार नाही. एसीची खोली हक्कानं माग.

आणि चिठ्ठीवर पेनानं लिही: शिरेचं की धमनीचं, कुठल्या हाताचं, किती ऑक्सिजनवर, किती वाजता. मशीनमध्येही सॅम्पलचा प्रकार निवड. तुझा पेशंट रात्री घाटीला (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) पोचतो तेव्हा तिथल्या निवासी डॉक्टरच्या हातात फक्त तो कागद असतो. त्यावर ऑक्सिजन ३८ आणि बाकी काहीच लिहिलेलं नसेल, तर तो पहिलं काम म्हणून काय करेल याचा विचार कर. म्हणून रेफर करतेस तेव्हा चिठ्ठी केसपेपरला स्टेपल कर, आणि खाली एका ओळीत लिही: हे रक्त कशासाठी काढलं.