गुंतवणुकीसाठी घराचा पहिला सौदा शोधतोयस? आधी हे वाच
घेऊन लगेच विकायचा नाद सध्या सोड. मुंबईत मुद्रांक शुल्कच ६ टक्के, वर नोंदणी फी आणि दलाली. २४ महिन्यांच्या आत विकलंस तर नफ्यावर तुझ्या इन्कम टॅक्सच्या स्लॅबप्रमाणे कर. हातात उरतं काय? नोकरदाराला भाड्याने द्यायचा वन बीएचके बरा.

चांगले सौदे पोर्टलपेक्षा सोसायटीच्या वॉचमनला आधी कळतात. किमतीसाठी दलालावर विसंबू नकोस. त्याच बिल्डिंगचे इंडेक्स टू, म्हणजे झालेल्या विक्रीची किंमत दाखवणारे सरकारी उतारे, नोंदणी विभागाच्या साइटवर काढ. (रोखीचा भाग त्यात दिसत नाही, ते आलंच.)

बँकेच्या लिलावात स्वस्त मिळतं, पण ‘जसं आहे तसं’. थकलेला मेन्टेनन्स, आत बसलेला भाडेकरू, सगळं तुझ्या गळ्यात. बोली लागली की २५ टक्के लगेच भरायचे, बाकीचे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. पैशाची सोय आधी झालेली नसेल तर तिकडे फिरकूच नकोस.