श्लोक तपासावा कसा, वाद थांबवावा कुठे

प्रश्न : आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही जण कवळे मठाचे, काही पर्तगाळी मठाचे. 'तत्त्वमसि'वरून वाद पेटला की आठ-आठ दिवस चालतो. शिवाय 'गीतेत म्हटलंय' म्हणून रोज काहीतरी येतं. कुठे बोलावं, कुठे गप्प बसावं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : या दोन गोष्टी एकाच तागडीत घालू नका. कवळ्याची परंपरा अद्वैताची (जीव आणि ब्रह्म एकच), पर्तगाळीची मध्वाचार्यांच्या द्वैताची (दोन्ही वेगळे). छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात 'तत्त्वमसि', म्हणजे 'ते तू आहेस', हे वाक्य नऊदा येतं. अद्वैती 'स आत्मा तत्त्वमसि' अशी फोड करतात; माध्व 'स आत्मा अतत्त्वमसि' अशी, म्हणजे 'ते तू नाहीस'. सलग लिहिलं की दोन्ही 'आत्मातत्त्वमसि' असंच दिसतं. इथे खोटं कुणीच बोलत नाही. शतकांचा सिद्धांतभेद आहे. 'हे कोणत्या भाष्याप्रमाणे?' एवढं विचारलं तरी निम्मा ताप उतरतो.

'गीतेत म्हटलंय'ला मात्र गप्प बसू नका. अध्याय आणि श्लोक क्रमांक मागा. बारावा अध्याय २० श्लोकांचा. कुणी 'गीता १२.२७' लिहिलं तर तिथेच कळलं. तेराव्यात सांभाळून, कारण काही प्रतींत सुरुवातीला अर्जुनाच्या प्रश्नाचा एक श्लोक जास्त असतो आणि पुढचे क्रमांक एकाने सरकतात. 'जे झालं ते चांगल्यासाठीच झालं' हे गीतासार ७०० श्लोकांत कुठेच नाही. 'अहिंसा परमो धर्मः' महाभारतात आहे, त्याला जोडलेलं 'धर्महिंसा तथैव च' नाही. असं अर्धं खरं सर्वांत जास्त फसवतं : ओळखीचा चरण कानावर पडला की पुढचं कुणी तपासत नाही.

श्लोकाच्या आधाराने मधुमेहाची गोळी सोडा म्हणणाऱ्याला तर लगेच अडवा. शंभर श्रुतींनी (वेदवचनांनी) अग्नी थंड असल्याचं सांगितलं तरी ते प्रमाण ठरत नाही, असं गीतेच्या १८.६६ वरील भाष्यात खुद्द शंकराचार्य म्हणतात.

आता गप्प कधी बसायचं? न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार आहेत. वादात सत्य शोधायचं असतं, जल्पात जिंकायचं, आणि वितंडा करणारा स्वतःचा पक्ष मांडतच नाही, नुसतं दुसऱ्याचं खोडतो. 'तुमचं म्हणणं काय?' असं दोनदा विचारा. उत्तर आलं नाही तर फोन बाजूला ठेवा.

वडीलधाऱ्यांची चूक चारचौघांत काढू नका. खासगीत लिहा : 'काका, हा श्लोक माझ्या प्रतीत सापडला नाही. तुमच्याकडे कुठल्या अध्यायात आहे?'